कॅप्सूलचं व्यसन: श्वास थांबलेली रात्र, आणि त्यानंतरचा उपचार

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबातून आला आहे. विचारणाऱ्याचा धाकटा भाऊ २७ वर्षांचा, ट्रॅक्टर आणि थ्रेशरवर काम करतो. चार वर्षांपूर्वी कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉलची कॅप्सूल सुरू झाली, आता दिवसाला १५ ते २० लागतात. मागच्या महिन्यात तो रात्री गोठ्यात पडलेला सापडला. ओठ निळे, हाक मारून उठेना. आरोग्य केंद्रातून जिल्ह्याला नेलं, वाचला. आता घरचे त्याला एका खासगी केंद्रात तीन महिने बंद ठेवायचं म्हणतात आणि त्यासाठी बैलजोडी विकायला निघाले आहेत. पुन्हा असं झालं तर काय करायचं, सरकारी उपचार कुठे मिळतो, आणि बंद ठेवल्याने सुटेल का, असं ते विचारतात.

भाऊ, बैलजोडी आत्ता विकू नका. का, ते पुढे सांगतो. आधी रात्रीचं बोलू, कारण उपचाराला महिने मिळतात, पण श्वास थांबला तर हातात फक्त काही मिनिटं असतात.

ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, खोकल्याच्या औषधातलं कोडीन, पेंटाझोसिनचं इंजेक्शन, मॉर्फिन, हेरॉइन ही सगळी अफूच्या गोतावळ्यातली. कुणी अफूपासून निघालेलं, कुणी कारखान्यात तयार झालेलं, पण मेंदूत जाऊन बसायची जागा एकच. तिथे बसून ती दुखणं कमी करतात, बरं वाटायला लावतात, आणि मात्रा वाढली की श्वास घेण्याची मेंदूची आज्ञाच मंदावते. असा माणूस तडफडत नाही, ओरडत नाही. शांत झोपल्यासारखा दिसतो आणि तसाच जातो. घरच्यांची फसगत इथेच होते. ‘झोपला आहे, झोपू द्या,’ एवढ्या एका वाक्यापायी गेलेली माणसं मी डॉक्टर म्हणून २२ वर्षांच्या नोकरीत पाहिली आहेत.

तेव्हा झोप आणि हे यातला फरक घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे, तुमच्या आईलासुद्धा. गुरगुरल्यासारखं, घशात पाणी अडकल्यासारखं घोरणं. ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी. श्वास मोजा: मोबाइलवर एक मिनिट लावा आणि छाती किती वेळा वर येते ते बघा. निरोगी मोठा माणूस १२ ते २० वेळा श्वास घेतो. दहाच्या खाली आला तर ती झोप समजू नका. पापणी उघडून टॉर्च मारा, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली दिसेल. ट्रॅमाडॉलमध्ये कधी कधी बाहुली एवढी लहान होत नाही, म्हणून बाहुलीपेक्षा श्वासावर जास्त भरवसा ठेवा. छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात घासा. तरी डोळे उघडले नाहीत तर एकाने लगेच १०८ लावायचा आणि दुसऱ्याने कामाला लागायचं.

काम म्हणजे श्वास देणं. उताणं झोपवा, तोंडात तंबाखू, खर्रा, उलटी काही असेल तर बोटाने काढा. कपाळ मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास भरा, दर पाच सेकंदांनी एक, छाती वर येताना दिसली पाहिजे. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. श्वास अजिबात नाही, अंगात धुगधुगी वाटत नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबायला सुरुवात करा. ३० दाब, मग दोन श्वास, पुन्हा ३० दाब. स्वतः श्वास घेतो आहे पण शुद्धीत नाही, तर डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी फुफ्फुसात जाणार नाही.

आणि काय करायचं नाही, तेही स्पष्ट सांगतो, कारण हे सगळं मी गावोगाव ऐकलेलं आहे. लिंबू, चिंचेचं पाणी, ताक, मिठाचं पाणी तोंडात ओतायचं नाही. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, ते थेट फुफ्फुसात जातं. उलटी करवायची नाही. विहिरीवर नेऊन पाणी ओतायचं नाही. दोघांनी धरून चालवायचं नाही. थापडा मारत बसायचं नाही. ट्रॅमाडॉलचं आणखी एक वेगळेपण आहे: जास्त मात्रेत झटके येतात, अगदी मिरगीसारखे. त्या वेळी चप्पल हुंगवणं, दातांत चमचा घालणं यातलं काही करू नका. डोक्याखाली गमचा ठेवा, कुशीवर करा, झटका थांबला की श्वास बघा. खिशात, उशीखाली, ट्रॅक्टरच्या सीटखाली ज्या रिकाम्या स्ट्रिपा सापडतील त्या पिशवीत घालून सोबत द्या. त्या स्ट्रिपा बघून डॉक्टरचं अर्धं काम होतं.

त्याचं कारण सांगतो, आणि हे विदर्भातल्या प्रत्येक तरुण डॉक्टरने ध्यानात ठेवावं असं आहे. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत एका रात्री आमच्याकडे एकाला आणलं होतं. वय तिशीच्या आसपास. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: फवारणीची विषबाधा. त्यात त्या डॉक्टरची चूक म्हणता येत नाही. आपल्याकडे पऱ्हाटीवर फवारणी चालू असताना बेशुद्ध शेतमजूर आला आणि डोळ्याच्या बाहुल्या बारीक दिसल्या तर पहिला विचार कीटकनाशकाचाच येतो. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने २०हून जास्त माणसं गेली, ती आठवण इथल्या प्रत्येक डॉक्टरच्या मनात आहे. पण या माणसाच्या तोंडाला फेस नव्हता, अंगाला घाम नव्हता, कपड्यांना औषधाचा वास नव्हता, स्नायू फडफडत नव्हते. कातडी कोरडी. श्वास मिनिटाला सहा. ऑर्गेनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाच्या विषात माणूस आतून बाहेरून ओला होतो: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर. अफूवर्गाच्या औषधात तो कोरडा आणि शांत असतो. सिस्टरने बंडीचा आतला खिसा उलटा केला, तर कॅप्सूलच्या दोन रिकाम्या स्ट्रिपा निघाल्या. सोबतचा पोरगा मान खाली घालून बोलला, ‘साहेब, वरून मोहाची दारूबी घेतली होती त्यानं.’

अफूवर्गाच्या औषधावरचा उतारा म्हणजे नॅलोक्सोन, त्याचे दोन ॲम्प्युल कपाटात होते. एक शिरेतून थोडं थोडं देत गेलो. दुसऱ्या मिनिटाला श्वास वाढला, ओठांचा रंग बदलला, तिसऱ्या मिनिटाला तो उठून बसला आणि ‘मले घरी जाऊ द्या’ म्हणून सलाइन ओढायला लागला. नातेवाईकही म्हणाले, बरा झाला, नेतो. आम्ही नेऊ दिलं नाही. तासाभराने तो पुन्हा पेंगायला लागला, श्वास पुन्हा आठवर आला, आणि दुसरं ॲम्प्युल लागलं. नॅलोक्सोन त्या औषधाला मेंदूतल्या जागेवरून ढकलून स्वतः तिथे बसतं, पण त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. पोटात गेलेल्या कॅप्सूल त्याहून बराच वेळ काम करत राहतात. म्हणून शुद्धीवर आला तरी दवाखान्यातच ठेवायचं, रात्रभर तरी.

तुमच्या भावाच्या बाबतीत यात एक मेख आहे. ट्रॅमाडॉल श्वास दाबतं ते नॅलोक्सोनने बऱ्यापैकी उलटतं, पूर्ण उलटतंच असं नाही, आणि झटक्यांवर तर त्याचा उपयोगच नाही. त्यामुळे इंजेक्शन जवळ असलं तरी तोंडाने श्वास देणं आणि १०८ बोलावणं सुटत नाही.

नॅलोक्सोन हे महागडं किंवा दुर्मीळ औषध म्हणावं असं काही नाही. ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या खोलीत ते रोज जवळ ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४मध्येच सांगितलं की ज्यांच्या डोळ्यांसमोर असा प्रसंग घडू शकतो त्या घरच्यांच्या, मित्रांच्या हातातही ते असावं. आपल्याकडे नाकात मारायचा फवारा सहज मिळत नाही, इंजेक्शन मिळतं, आणि तेही डॉक्टरच्या चिठ्ठीवर. तुमच्या भावाला एकदा असं झालेलं आहे, म्हणजे पुन्हा होण्याचा धोका खरा आहे. जिल्ह्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाल तेव्हा सरळ विचारा: ‘आम्हाला दोन ॲम्प्युल लिहून द्याल का, आणि मांडीवर कसं टोचायचं ते सिस्टर दाखवतील का?’ बरेच डॉक्टर हो म्हणतील. विचारणारा आजवर कुणी आलेला नसतो, एवढंच.

आणि तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे एक मागणी करा. तिथे सापाचं इंजेक्शन असतं, फवारणीच्या विषावर ॲट्रोपिन असतं. त्याच कपाटात नॅलोक्सोनचे चार ॲम्प्युल ठेवायला मोठी योजना लागत नाही. रुग्ण कल्याण समितीत सरपंच किंवा पंचायत समितीचा सदस्य असतोच, त्याच्याकडून हा विषय बैठकीत लेखी घ्या. जिल्ह्याचं अंतर ६०-७० किलोमीटर असेल तर तिथे ठेवलेलं औषध गोठ्यात पडलेल्या माणसाच्या कामाचं नाही.

आता व्यसनाकडे येतो. नशामुक्तीचा विषय निघाला की आपल्या भागात डोळ्यांसमोर दारू आणि खर्रा येतो, आणि ते बरोबरच आहे, त्यांनीच सगळ्यात जास्त घरं मोडली. गडचिरोलीत दारू आणि तंबाखूवर ‘मुक्तिपथ’सारखं गावागावात उभं राहिलेलं काम आहे. गोळ्यांचं व्यसन मात्र दिसत नाही. वास येत नाही, माणूस झिंगत नाही, उलट सुरुवातीला जास्त काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण मजा म्हणून सुरू केलेले नसतात. थ्रेशरवर रात्र काढणारे, ट्रक चालवणारे, वीटभट्टीवर, हमालीवर असलेले. कंबर दुखते, मेडिकलवाला म्हणतो ही घे, थोड्या वेळाने थकवा विसरायला होतो. एका हमालाने मला सांगितलं होतं, ‘साहेब, आधी दुखते म्हणून घेत होतो, आता नाही घेतली का दुखते.’ व्यसनाची याहून नेमकी व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही.

ट्रॅमाडॉलची एका दिवसाची कमाल मात्रा ४०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०च्या आठ कॅप्सूल. तुमचा भाऊ त्याच्या दुपटीने घेतो आहे. एप्रिल २०१८मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. त्याआधी २०१४पासूनच ते एच-वन यादीत आहे, म्हणजे विकताना डॉक्टरचं, रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. वही कुठे कशी भरली जाते हे गावात सगळ्यांना माहीत असतं. एक दुकान बंद पडलं की माणूस पुढच्या तालुक्यात जातो, किंवा टॅपेंटाडॉलवर जातो, किंवा झोपेच्या गोळ्या आणि दारू मिसळायला लागतो. ही मिसळ सगळ्यात घातक. श्वास दाबणारी दोन-तीन औषधं एकत्र आली की प्रत्येकाची मात्रा थोडी असूनही माणूस जातो. म्हणून दुकानदाराशी भांडून पुरवठा एका दिवसात तोडायचा आणि उपचाराची सोय मात्र काहीच नाही, असं करू नका. आधी उपचाराची तारीख ठरवा.

इथे एक गोष्ट बाजूला घेऊन सांगायलाच हवी. पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण खूप आहेत. त्यांना जेव्हा हाडं फोडल्यासारखं दुखणं उठतं तेव्हा याच वर्गातली औषधं लागतात, आणि ती मिळणं हा त्यांचा हक्क आहे. ‘सारखं इंजेक्शन मागतो म्हणजे नशाबाज’ असं म्हणून ताटकळत ठेवलेली पोरं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचा फार राग येतो. दुखणं नीट आवरलं नाही की तोच मुलगा बाहेरून गोळ्या आणायला लागतो. सिकलसेलवाल्याचं दुखणं दवाखान्यात, नोंद ठेवून, वेळेवर आवरणं आणि हायड्रॉक्सीयुरियाने दुखण्याचे झटकेच कमी करणं, हाही व्यसन टाळण्याचाच कार्यक्रम आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, तीन महिने बंद ठेवण्याचा.

रोज २० कॅप्सूल घेणाऱ्याचं शरीर २० कॅप्सूलला सरावलेलं असतं. तुम्ही-मी तेवढ्या घेतल्या तर दवाखान्यात जाऊ, तो घेऊन ट्रॅक्टर चालवतो. बंद खोलीत तीन महिने काढले की ही सवय उतरते, शरीर पुन्हा तुमच्या-माझ्यासारखं होतं. पण मनातली तलफ तिथेच असते. आठवण २०ची, आणि सोसण्याची ताकद पाचची. घरी आल्यावर पहिल्या भांडणाला, पहिल्या सणाला, पहिल्या कंबरदुखीला तो जुन्या हिशोबाने घेतो. अनेक देशांत हे मोजलं गेलं आहे: तुरुंगातून सुटल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अशा माणसांच्या मृत्यूचं प्रमाण सर्वात जास्त असतं. बंद केंद्रातून नुसतं ‘साफ’ होऊन आलेल्याचं शरीरही त्याच अवस्थेत असतं.

माझा एक रुग्ण होता. नाव, गाव सांगत नाही. आमच्याकडे उपचार चालू होते, बरं चाललं होतं, पण घरच्यांना वाटलं गोळीवर गोळी देतात, हे काही सुटणं नव्हे. त्याला एका केंद्रात ठेवलं. तीन महिन्यांनी वजन वाढवून, चेहऱ्यावर तेज घेऊन आला. आई ओटी भरायला देवळात गेली. पोळ्याचा दिवस होता, बैल धुतले, शिंगं रंगवली, संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे केले. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तो उठला नाही. बाजेखाली एक स्ट्रिप होती, पूर्वी त्याला सकाळी तेवढी चहाआधी लागायची. केंद्रातून निघताना त्याला किंवा आईला कुणीही सांगितलं नव्हतं की आता एवढी मात्रा जीव घेईल. तेव्हापासून माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना मी हे वाक्य तीनदा म्हणायला लावतो: मधे खंड पडला, तर जुनी मात्रा म्हणजे मरण.

बंद ठेवणाऱ्या सगळ्याच जागा वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण मानसिक आरोग्य कायदा २०१७नुसार दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून होणारे आजारही मानसिक आजारांत मोडतात, आणि अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे. जिथे डॉक्टर रोज येत नाही, भेटू देत नाहीत, मारझोड ऐकू येते, आणि घरी गेल्यावर कोणतं औषध चालू राहील याचं उत्तर नाही, तिथे भावाला ठेवू नका.

मग उपचार काय? तलफेच्या आणि सुटताना होणाऱ्या त्रासाच्या औषधांना आठ-दहा दिवस लागतात, ते अवघड काम नाही. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हगवण, पाय ओढल्यासारखे होणं, रात्र रात्र झोप नाही. माणूस याने सहसा मरत नाही, पण मेल्यासारखा होतो, आणि म्हणून परत घेतो. याला ठरावीक औषधं आहेत. अवघड आहे ते त्यानंतरचं वर्ष. त्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी आहे. ती त्याच जागी बसते पण अर्धवट काम करते: तलफ थांबते, अंग फुटत नाही, झिंग येत नाही, आणि एका मर्यादेपुढे मात्रा वाढवली तरी श्वास आणखी दबत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत मात्र तीही धोक्याची, हे विसरू नका. वरून कुणी कॅप्सूल घेतली तरी तिला बसायला जागा उरत नाही, त्यामुळे पूर्वीसारखी मजा येत नाही. सकाळी गोळी घेऊन माणूस वावरात जाऊ शकतो, लग्न करू शकतो, लेकराला शाळेत सोडू शकतो. अनेक देशांतल्या अभ्यासांचं २०१७ साली एकत्र विश्लेषण झालं, त्यात ब्युप्रेनॉर्फिनवर असतानाचं मृत्यूचं प्रमाण त्याच्याबाहेर असतानाच्या निम्म्याहून कमी निघालं.

‘एक व्यसन सोडवून दुसरं लावलं’ हे मला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं. त्यावर मी घरच्यांना विचारतो, तुमच्या घरात कुणाला शुगर आहे का? ती गोळी रोज घेतली तर तिला व्यसन म्हणता का? ज्या गोष्टीपायी माणूस चोरी करतो, खोटं बोलतो, काम सोडतो, मरतो, ते व्यसन. ज्या गोळीने तो कामावर जातो ते औषध. किती दिवस घ्यायची? निदान एक वर्ष धरा, पुष्कळांना जास्त लागते. कमी करायची ती हळूहळू, डॉक्टरच्या हिशोबाने. ट्रॅमाडॉलवाल्या सगळ्यांनाच ती लागते असंही नाही. काहींना मात्रा उतरवत नेऊन आणि कंबरेचा खरा इलाज करून भागतं. रोजच्या २० कॅप्सूल, एकदा श्वास थांबलेला, आधी दोनदा सोडून पुन्हा लागलेला, असं असेल तर मी ब्युप्रेनॉर्फिनकडेच झुकेन, पण तपासल्याशिवाय ठरवत नाही.

ही गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, व्यसनमुक्तीसाठी ठरवून दिलेल्या केंद्रांतूनच मिळते. आणि सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूवर्गाच्या व्यसनासाठी मदतीची गरज असल्याचं निघालं. गरज गावात आहे आणि गोळी शहरात. रोज किंवा आठवड्याला शहरात जायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून उपचार महाग होतो, औषध फुकट असूनही. माझ्या ज्या रुग्णांचा उपचार मधेच सुटला त्यातल्या निम्म्यांचा तलफेमुळे सुटला नव्हता, सोयाबीन सोंगायला आलं म्हणून सुटला. त्यामुळे पहिल्याच भेटीत डॉक्टरला सांगा की गाव किती लांब आहे. स्थिर झाल्यावर नियमात बसेल तेवढ्या दिवसांची गोळी घरी देता येते का ते विचारा. ती तुमच्या किंवा आईच्या ताब्यात कुलपात ठेवा, रोज समोर बसून जिभेखाली विरघळू द्या, पाच-दहा मिनिटं लागतात. घरात लहान पोरं असतील तर कुलूप हवंच.

कुठे जायचं? पहिलं दार जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या वारी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतही येतं. तो वार आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला माहीत असतो. तुम्हाला यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. पलीकडे अकोला, चंद्रपूर, गोंदियाची महाविद्यालयं, वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम, आणि नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय. निघण्याआधी फोन करून एवढंच विचारा: ब्युप्रेनॉर्फिन तुमच्याकडे आहे का, कोणत्या वारी? नुसतं ‘व्यसनमुक्ती आहे का’ विचारलं तर हो म्हणतात आणि समुपदेशन करून पाठवतात. सुईने नशा घेणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमाची वेगळी केंद्रं आहेत, तिथे हीच गोळी मिळते. तुमचा भाऊ सुई घेत असेल तर लपवू नका, एचआयव्ही आणि काविळीची तपासणीही करून घ्या. जवळचं केंद्र कळत नसेल तर नशामुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६, आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या विभागाकडे येतात, तिथे थोडं शुल्क लागू शकतं.

पोलिसांची भीती तुमच्या प्रश्नात नाही, पण प्रत्येक घरात असते म्हणून सांगतो. बेशुद्ध माणूस आणला तर दवाखाना विषबाधेची नोंद करतो आणि चौकीला कळवतो, पोलीस जबाब घ्यायला येतात. त्याचा अर्थ अटक असा नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातच, कलम ६४अ मध्ये, स्वतःसाठी थोडी मात्रा बाळगणारा किंवा सेवन करणारा व्यसनी माणूस मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचाराला गेला तर त्याच्यावर खटल्यापासून संरक्षण आहे. त्या भीतीने १०८ लावायला उशीर करू नका.

तर आता या आठवड्यात काय करायचं? आईला आणि वहिनीला श्वास मोजायला आणि तोंडाने श्वास द्यायला शिकवा, उशीवर नको, एकमेकांवर हनुवटी वर करून दाखवा. भावाला एकट्याने, दार बंद करून झोपू देऊ नका. त्याला सांगा, घेतोस हे आम्हाला माहीत आहे, पण दारूसोबत नको आणि एकटा असताना नको. यात व्यसनाला परवानगी देण्यासारखं काही नाही, तो जिवंत राहिला तरच सोमवारी केसपेपर निघेल. ओपीडीला जाताना रिकाम्या स्ट्रिपा न्या, आधार कार्ड न्या, आणि शेवटची कॅप्सूल कोणत्या दिवशी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून न्या. ही वेळ फार महत्त्वाची आहे. अंगात कॅप्सूलचा असर असताना ब्युप्रेनॉर्फिनची पहिली गोळी दिली तर ती त्याला एकदम ढकलून बाहेर काढते आणि सगळा त्रास एका तासात उसळतो. मग तो म्हणतो या गोळीने मला मारलं, आणि परत येत नाही. म्हणून रात्रीच्या कॅप्सूलनंतर सकाळी काही न घेता या. निदान १२ तास जाऊ द्या. जांभया सुरू झालेल्या असतील, नाक गळत असेल, एसटीत तो तुमच्यावर चिडेल, उतरून परत जाऊ म्हणेल. खिडकीजवळ बसवा, तुम्ही कडेला बसा, सोबत पाण्याची बाटली आणि एक जास्तीचा गमचा ठेवा. आणि केसपेपर काढताना खिडकीवर सांगा की याला तलफेचा त्रास सुरू झाला आहे, लवकर आत घ्या.